त्रापानी: वाऱ्याला विचारून बघायचं गाव

इटलीच्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी नावाचं बंदर आहे. नकाशात जमिनीची एक बारीक, वाकडी पट्टी समुद्रात शिरलेली दिसते, तेच ते. जुन्या ग्रीकांना ती विळ्यासारखी वाटली म्हणून त्यांनी गावाला द्रेपानोन, म्हणजे विळाच, असं नाव दिलं आणि पुढे तेच झिजून त्रापानी झालं. विळ्याच्या अगदी अणीवर तोर्रे दी लिन्यी हा १६७१ सालचा टेहळणी बुरूज आहे. बुरुजाकडे पाठ करून पश्चिमेला तोंड केलं की उजव्या हाताला तिरेनियन समुद्र असतो आणि डाव्या हाताला आफ्रिकेकडे जाणारं सिसिलीच्या सामुद्रधुनीचं पाणी. बहुतेक दिवशी एका बाजूला लाटा फुटत असतात आणि दुसऱ्या बाजूला पाणी तळ्यासारखं गप्प असतं. गावात उतरल्यावर पहिलं काम म्हणजे इथे येऊन कोणती बाजू खवळली आहे ते पाहणं. पुढचा दिवस त्यावर ठरतो.

मतलई वारे आणि खारे वारे एवढं शाळेत शिकून आपण मोकळे होतो. इथे प्रत्येक दिशेच्या वाऱ्याला नाव आणि स्वभाव आहे. त्रामोन्ताना उत्तरेचा, माएस्त्राले वायव्येचा, पोनेन्ते पश्चिमेचा, लिबेच्चो नैर्ऋत्येचा. शिरोक्को आग्नेयेचा, आणि सगळ्यांत नकोसा. तो सहारातून निघतो, वाटेत समुद्राची वाफ उचलतो आणि पोचेपर्यंत उष्ण आणि चिकट होतो. कधी सोबत तांबूस धूळ आणतो, मग सकाळी गाड्यांच्या टपांवर आणि गच्चीत वाळत घातलेल्या चादरींवर तिचा थर दिसतो. हॉटेलात, बंदरावर, कॉफीच्या ठेल्यावर ‘उद्या वारा कुठला?’ असं विचारलं तर लोक खरं उत्तर देतात, कारण त्यांनाही ते माहीत असावंच लागतं.

म्हणूनच प्रवासी कंपन्या छापतात तसा ‘पहिला दिवस बेटं, दुसरा दिवस डोंगर’ हा कार्यक्रम त्रापानीत हमखास कोलमडतो. समोरच्या फाविन्याना, लेव्हान्झो आणि मारेत्तिमो या बेटांकडे जाणारी हायड्रोफॉइल ही वेगवान बोट समुद्र उसळला की रद्द होते. गावाच्या डोक्यावरच्या एरिचेच्या डोंगरावर जाणारी केबल कार वारा वाढला की थांबते. त्यामुळे निदान चार दिवस हातात ठेवावेत आणि यादीतल्या जागा कोणत्याही क्रमाने बघायची तयारी ठेवावी. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर मुक्काम हा तर शुद्ध जुगार. भारतातून थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा इस्तंबूलमार्गे पालेर्मोला उतरावं आणि तिथून बसने यावं. त्रापानीजवळच्या बिर्जीलाही विमानतळ आहे, इटलीतल्या इटलीत उडणाऱ्यांना तो सोयीचा. गाडी भाड्याने घेतली असेल तर जुन्या गावाच्या तोंडाशी असलेल्या ‘झेड टी एल’ पाट्यांकडे लक्ष ठेवावं. परवाना नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी, आपण सगळं विसरलो असताना, येतं.

वाऱ्याचा हा हिशेब जुना आहे. रोम आणि आजच्या ट्युनिशियातलं कार्थेज यांच्यातल्या पहिल्या प्युनिक युद्धात, इसवी सनापूर्वी २४९ मध्ये, पुब्लियस क्लॉडियस पुल्खर हा रोमन सेनापती इथल्या बंदरात कार्थेजचं आरमार कोंडायला आला. रोमन लेखक सांगतात की लढाईआधी शकुनाच्या पवित्र कोंबड्यांनी दाणे टिपले नाहीत, तेव्हा ‘खात नाहीत तर पिऊ देत’ म्हणून त्याने त्यांना समुद्रात फेकून दिलं. कोंबड्यांचं सोडा. खरी चूक ही की अरुंद तोंडातून त्याची गलबतं आत शिरत होती तेव्हा कार्थेजचा अधेर्बाल दुसऱ्या बाजूने खडकांमागून बाहेर पडला आणि त्याने रोमनांनाच किनाऱ्याशी दाबलं. मागे हटायला पाणीच उरलं नाही. ९३ रोमन जहाजं गेली.

आठ वर्षांनी, इसवी सनापूर्वी २४१ च्या मार्चमध्ये, याच पाण्यात उलटा निकाल लागला. कार्थेजचा हान्नो धान्याने भरलेली जहाजं घेऊन मारेत्तिमो बेटाशी पश्चिमेच्या वाऱ्याची वाट पाहत थांबला होता. एरिचेच्या डोंगरावर अडकलेल्या सैन्याला रसद द्यायची आणि तिथले लढवय्ये सैनिक जहाजांवर घ्यायचे, असा बेत. वारा आला, पण तो रोमनांच्या तोंडावर. गायस लुतातियस कातुलससमोर दोनच वाटा होत्या: उलट्या लाटांत आत्ता लढायचं, किंवा वारा पडेपर्यंत थांबून हलक्या झालेल्या, सैनिकांनी भरलेल्या शत्रूशी नंतर लढायचं. तो लगेच निघाला. ओझ्याने जड झालेली ५० जहाजं बुडाली, ७० पकडली गेली, आणि उरलेल्यांना पुन्हा वारा फिरला म्हणून पळता आलं. त्या दिवशी बुडालेल्या जहाजांच्या नाकाडावरचे कांस्याचे टोले, शत्रूच्या गलबताला भोक पाडायचे, लेव्हान्झो बेटाजवळ सुमारे ८० मीटर खोलीवर सापडत आहेत. आतापर्यंत वीसहून जास्त निघाले. काहींवर लॅटिन अक्षरं आहेत, तर एकावर प्युनिक, म्हणजे कार्थेजची. यातले बरेचसे फाविन्यानाच्या जुन्या ट्यूना-कारखान्यात मांडले आहेत. दोन्ही लढायांच्या जागा तोर्रे दी लिन्यीवरून एका नजरेत येतात. इतिहासाचं पुस्तक तिथे उघडून बसावं असं ठिकाण आहे.

फाविन्याना हे नावच फावोनियो या पश्चिमेच्या वाऱ्यावरून पडलं आहे. त्रापानीहून हायड्रोफॉइलने अर्ध्या तासात तिथे पोचता येतं. तिकीट आधी काढलं तरी सकाळी बंदरावर जाऊन फलक पाहावा. हायड्रोफॉइल रद्द झाली असेल तेव्हा गाड्या नेणारी मोठी, संथ फेरी बोट कधीकधी तरीही सुटते. बेट बरंचसं सपाट आहे, धक्क्यावरच सायकली भाड्याने मिळतात. पोहायला कुठे जायचं याचा नियम सोपा: वारा ज्या बाजूने येतो तिच्या उलट बाजूला. त्रामोन्ताना असेल तर दक्षिणेचा लीदो बुर्रोने, शिरोक्को असेल तर ईशान्येचा काला रोस्सा. काला रोस्साचा फोटो पाहून आलेले लोक उत्तरेचा वारा असतानाही तिथेच जातात आणि खडकावर आपटणाऱ्या गढूळ लाटा बघून परत फिरतात. तिथे वाळू नाहीच. पिवळसर चुनखडी दगडाच्या जुन्या खाणी आहेत, कापलेल्या भिंती सरळ पाण्यात उतरतात, म्हणून रबरी तळव्याच्या चपला लागतात.

धक्क्याजवळचा मोठा कारखाना फ्लोरिओ घराण्याचा. १८७४ साली इग्नात्सिओ फ्लोरिओने ही बेटंच विकत घेतली आणि इथे तेलातला ट्यूना डब्यात भरायचा धंदा उभा केला. मे-जूनमध्ये अंडी घालायला येणारा ट्यूना जाळ्यांच्या एकामागून एक खोल्यांतून फिरवत शेवटच्या खोलीत आणायचा आणि तिथे आकड्यांनी वर खेचायचा, ही ‘मात्तान्झा’. होड्यांच्या त्या सगळ्या मेळ्याचा मुख्य म्हणजे ‘राइस’. शब्द अरबी, काम आपल्या तांडेलाचं. फाविन्यानातली शेवटची मात्तान्झा २००७ साली झाली. मोठ्या जहाजांनी मासा भर समुद्रातच उचलायला सुरुवात केल्यावर किनाऱ्याच्या जाळ्यांत यायला काही उरेना. कारखाना आता संग्रहालय आहे. दोन तास द्यावेत, सकाळीच, कारण दुपारी पत्र्याखाली भट्टी होते.

लेव्हान्झोच्या ग्रोत्ता देल जेनोवेझे गुहेत अश्मयुगातली कोरीव चित्रं आहेत, आणि नंतरच्या काळातल्या काळ्या रंगाच्या चित्रांत चक्क ट्यूनाही आहे. तिथे आधी नाव नोंदवून मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. मारेत्तिमो सर्वांत लांब, सर्वांत डोंगराळ आणि वाऱ्याने सर्वांत आधी तुटणारं. राहणार असाल तरच जावं.

मात्र त्रापानी कळायचं तर दक्षिणेला जावं लागतं, मिठागरांत.

गाव संपता संपता चौकोनी तळी सुरू होतात आणि नूबिया गावावरून पुढे मार्सालाच्या दिशेने पसरत जातात. बाराव्या शतकात अल्-इद्रीसी या अरब भूगोलकाराने त्यांची नोंद केली आहे. आज यातलं सुमारे १००० हेक्टर क्षेत्र १९९५ पासून अभयारण्य आहे आणि तरीही तिथे मीठ पिकतं. पेण-उरणकडच्या माणसाला पहिल्या नजरेत सगळं ओळखीचं वाटेल: बांध, कप्पे, पाण्याचा बदलत जाणारा रंग. मग एक गोष्ट खटकेल. इथे पवनचक्क्या कशाला?

कारण भरती. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, त्यामुळे आपल्याकडे उघाडी उघडली की समुद्र आपल्या पायाने आगरात येतो. भूमध्य समुद्राला भरती जवळजवळ नाहीच. त्रापानीत पाणी वीतभर वर-खाली होतं. पहिल्या मोठ्या तळ्यात ते कसंबसं शिरतं, पण पुढच्या, थोड्या उंचावरच्या कप्प्यांत चढवायचं तर उपसावं लागतं. ते काम वारा करायचा. चक्कीचा आस फिरवायचा एक लाकडी मळसूत्र, ज्याला आर्किमिडीजचा स्क्रू म्हणतात, आणि ते पाणी वर उचलायचं. त्याच चक्क्या मीठ दळायच्याही. जुन्या पद्धतीच्या चक्कीला निमुळता दगडी बुरूज आणि लाकडी पाती असतात. पात्यांवर शिडाचं कापड चढवायचं आणि वरची टोपी वाऱ्याकडे हाताने वळवायची. वारा वाढला आणि कापड वेळेत उतरवलं नाही तर पाती मोडणार, हे ठरलेलं. आता उपसायला पंप आहेत.

मीठ ‘काढायचं’ म्हणजे खरं तर बाकीचं सगळं आधी वेगळं करायचं. इथल्या समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३८ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपलं खायचं मीठ ३० ग्रॅमला थोडं कमी. उरलेल्यात चुना, जिप्सम, मॅग्नेशियम, पोटॅशियम. हे सगळे क्षार वेगवेगळ्या दाटपणाला तळाशी बसतात, आणि मिठागराची सारी विद्या ती वेळ साधण्यात आहे. दाटपणा मोजायला बोमे नावाची मापनकाडी पाण्यात तरंगत ठेवतात. समुद्राचं पाणी साडेतीन-चार अंश दाखवतं. पहिलं मोठं, खोल तळं म्हणजे फ्रिद्दा, थंड. तिथून पाणी वासू कुल्तिवूत येतं, मग रुफ्यानात, मग काउरी म्हणजे गरम कप्प्यांत आणि शेवटी कासेद्दारीत, छोट्या चौकटींत. (रुफ्याना म्हणजे कुंटीण. थंड आणि गरम पाण्याची गाठ घालून देणारी म्हणून हे नाव. मिठागरातल्या माणसांना विनोदाचं वावडं नसावं.) प्रत्येक टप्प्यावर पाणी उथळ होतं, तापतं, आटतं. आधी चुना बसतो, तेरा-चौदा अंशांच्या पुढे जिप्सम बसू लागतं, आणि ते वाटेतल्या कप्प्यांतच राहिलं पाहिजे, नाहीतर मिठात करकरतं. पंचवीस-सव्वीस अंशांना, म्हणजे मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरलेला असताना, मीठ धरायला लागतं. तेव्हाच पाणी शेवटच्या चौकटीत सोडायचं. आणि एकोणतीस-तीसच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, कारण मग मॅग्नेशियमचे क्षार बसू लागतात आणि मीठ कडू होतं. हावरटपणा केला की चवीत उतरतो.

गरम कप्प्यांतलं पाणी गुलाबी, कधी विटकरी दिसतं. हा दुनालिएला नावाच्या शेवाळाचा आणि खारटपणा मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग. त्याहून कमी खाऱ्या तळ्यांत आर्तेमिया ही नखाएवढी कोळंबी हे शेवाळ खाते, कोळंबी फ्लेमिंगो खातो आणि पिसांना तोच रंग चढतो. म्हणजे ठाण्याच्या खाडीत दिसणाऱ्या रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचाच, गुलाबी रंगही असाच, खाल्लेल्या अन्नातून आलेला.

पिकाचं वेळापत्रक आपल्या उलट. कोकणात पाऊस संपल्यावर आगर तयार होतं आणि जूनचा पाऊस हंगाम मोडतो. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे मीठ जुलै ते सप्टेंबर या काळात दोन-तीनदा उचलतात. ऑगस्टअखेरीस एखादी अवेळी सर आली तर नुकसान दुहेरी होतं: बसलेलं मीठ विरघळतं आणि गोडं पाणी मिळून दाट पाण्याचे अंश खाली येतात, पुन्हा चढायला कित्येक दिवस जातात. शिरोक्को उष्ण खरा, पण धूळ टाकतो. कोरडा त्रामोन्ताना मिठागरवाल्यांचा आवडता. मीठ उचलताना आधी वरचं दाट पाणी काढून घेतात, तळाचा घट्ट थर फोडतात, कप्प्यातच छोटे ढीग घालून निथळू देतात आणि मग बांधावर नेतात. पूर्वी हे सगळं फावड्याने आणि खांद्यावरच्या टोपल्यांनी चालायचं. टोपल्यांची मोजणी एक जण गात गात करायचा, म्हणजे आकडा चुकत नसे आणि पावलांना ताल मिळे. आता पट्टे आणि यंत्रं आहेत, तरी बांधावरचे लांबट ढीग हिवाळ्यासाठी अजूनही मातीच्या कौलांनी शाकारतात. आपल्या नळीच्या कौलांसारखीच अर्धगोल कौलं, एकावर एक सरकवलेली. घर नसलेलं नुसतं छप्पर जमिनीवर बसल्यासारखं दिसतं ते.

नूबियात एका जुन्या आगरवाड्यात मिठाचं छोटं संग्रहालय आहे. मळसूत्र आणि चक्कीचे दाते तिथे हातभर अंतरावरून बघता येतात. त्रापानीहून पाच-सहा किलोमीटर, रस्ता सपाट, सायकल उत्तम. ढीग बघायचे तर ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर. पक्षी बघायचे तर वसंत किंवा शरद. संध्याकाळी प्रकाश सुंदर असतो आणि डासही. बांधांवर परवानगीशिवाय उतरू नये. ती चालू कामाची, खाजगी मालकीची जागा आहे, आणि कडेचा चिखल वरून वाळलेला दिसला तरी खाली लोण्यासारखा असतो.

तसंच पुढे मार्सालाच्या दिशेने गेलं की स्तान्योने हा उथळ सरोवरासारखा समुद्र लागतो, बहुतेक ठिकाणी पुरुषभरही खोल नाही. त्यात मोत्सिया बेट. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं आणि इसवी सनापूर्वी ३९७ मध्ये सिराक्यूसच्या दिओनिसियसने उद्ध्वस्त केलेलं. वाचलेल्यांनी समोरच्या किनाऱ्यावर जे गाव वसवलं, त्याचं आजचं रूप म्हणजे मार्साला. होडी काही मिनिटांत बेटावर सोडते. संग्रहालयात १९७९ साली सापडलेला संगमरवरी तरुण आहे, अंगाला चिकटलेल्या चुणीदार झग्यातला. त्या चुण्या दगडाच्या आहेत यावर डोळे विश्वास ठेवत नाहीत. बेटापासून किनाऱ्यापर्यंतचा फिनिशियन रस्ता आता पाण्याखाली आहे. मागच्या शतकापर्यंत उंच चाकांच्या गाड्या त्यावरून द्राक्षं आणत. बेटावर सावली कमी, पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

एरिचे त्रापानीच्या डोक्यावर, ७५१ मीटर उंचीवर आहे. केबल कारने दहा मिनिटं. ती वाऱ्याने बंद होते तशीच देखभालीसाठीही, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. नसेल तर वळणावळणाने बस जाते. खाली कडक ऊन असताना वर एकाएकी धुकं येतं. समुद्रावरची दमट हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होते आणि तिचा ढग होतो. जूनमधला खंडाळ्याचा घाट ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं समजावायला नको. इथे त्याला ‘व्हीनसचं चुंबन’ म्हणतात, कारण कड्यावर व्हीनसचं देऊळ होतं. खलाशी त्याच्या नावाने नवस बोलत. नॉर्मन लोकांनी त्या जागी किल्ला बांधला, आणि १३१४ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या मुख्य चर्चमध्ये देवळाचे दगड गेले असं सांगतात. गल्ल्यांतली दगडी फरशी शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाली आहे आणि धुक्याने ओली होते. गुडघ्यांची काळजी असेल तर नवे कोरे चामडी बूट घालू नयेत. ऑगस्टमध्येही एक पातळ स्वेटर. कस्टर्ड भरलेली ‘जेनोवेझे’ मिठाई गरम असतानाच खायची, थंड झाली की साधा केक वाटते.

खाण्यात त्रापानीचा मानबिंदू कुस्कुस. इथे त्याला कुस्कुसू म्हणतात आणि तो समोरच्या ट्युनिशियाचा सख्खा भाऊ आहे, फक्त मटणाऐवजी मासा. रवा कडक गव्हाचा, आपल्याकडे बन्सी गव्हाचा निघतो त्याच जातीचा. माफाराद्दा नावाच्या उतरत्या काठाच्या मातीच्या परातीत मूठमूठ रवा पसरायचा, मिठाच्या पाण्यात बोटं बुडवून शिंपडायचं आणि उघडी बोटं गोल गोल फिरवत राहायचं. पाण्याच्या हबक्याने रव्याचे कण एकमेकांना धरतात, मोहरीएवढे दाणे तयार होतात. अर्धा किलो रव्याला पेलाभर पाणीही पुरतं, पण ते एकदम ओतलं की गोळे झाले, आणि गोळे झाले की सारं फुकट. दाण्यांना तेल, बारीक कांदा, तमालपत्र लावून भोकांच्या मातीच्या भांड्यात भरायचं आणि ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवायचं. दोन भांड्यांमधली फट कणकेच्या वळीने लिंपायची. ही पायरी टाळली तर वाफ बाजूने निसटते आणि वरचे दाणे कच्चे राहतात. मोदकपात्राचं झाकण नीट न बसल्यासारखं. दीड तास वाफ. मग कुस्कुस परातीत काढून त्यावर हेकरू आणि खडकातल्या काटेरी माशांचा, टोमॅटो-बदाम-लसणाचा गाळलेला रस्सा घालायचा आणि परात लोकरीच्या कापडात गुंडाळून तासभर झोपवायची. ही झोप महत्त्वाची: दाणा तेव्हा फुगतो. ज्या हॉटेलात मागितल्यावर पाच मिनिटांत कुस्कुस येतो, तिथला बहुधा पाकिटातला असतो. सकाळीच विचारून ठेवावं.

शाकाहारींनी कुस्कुसच्या वाटेला जाऊ नये, ‘भाज्यांचा’ म्हटला तरी रस्सा माशाचा असू शकतो. त्यांच्यासाठी बुझियाते आहेत, काडीभोवती गुंडाळून पिळा दिलेला पास्ता, आणि त्यावरचा त्रापानीचा पेस्तो. नूबियाचा लाल लसूण खड्या मिठाबरोबर खलबत्त्यात कुटायचा, मग सोललेले कच्चे बदाम, मग तुळशीची बहीण बेसिल, शेवटी सोललेले पिकलेले टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. चौघांना तीन-चार पाकळ्या, मूठभर बदाम, चार-पाच टोमॅटो. शिजवायचं काही नाही, गरम पास्ता पुरेसा. मिक्सर फिरवला की टोमॅटोचा गुलाबी फेस होतो आणि बेसिल काळवंडतं. पाने कुंझातो या तेल-टोमॅटो लावलेल्या पावात मात्र छोटे खारवलेले मासे असतात. ‘सेन्झा अच्चूगे’ म्हणावं. दुपारी एकनंतर चार-पाचपर्यंत गाव झोपतं, दुकानं बंद, चर्च बंद. तेव्हा आपणही झोपावं.

गावातलं पेपोली संग्रहालय लोक उगाच टाळतात. सतराव्या शतकात त्रापानी पोवळ्याच्या कामासाठी नावाजलेलं होतं: सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याला भोकं पाडायची, मागच्या बाजूने पोवळ्याचे चिमुकले तुकडे बसवायचे आणि राळ-मेणाने पक्के करायचे. फ्रा मात्तेओ बावेराचा १६३३ सालचा टांगता दिवा तिथे आहे. आपल्याकडे मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं बरंचसं याच समुद्रातलं. रोमनांना मोती जितके प्रिय तितकं हिंदी लोकांना पोवळं, असं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे. गुड फ्रायडेला आलात तर दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत चालणारी मिस्तेरीची मिरवणूक बघायला मिळते. लाकूड, कापड आणि सरस यांचे वीस देखावे खांद्यांवर झुलत झुलत निघतात आणि प्रत्येक देखावा एकेका व्यवसायाच्या संघाकडे असतो. शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग कोळ्यांकडे, ख्रिस्ताला थडग्याकडे नेण्याचा मिठागर कामगारांकडे. त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण, महिनोन्‌महिने आधी बघावी लागते.

परत निघताना मीठ घ्यायचं तर जाडं घ्यावं. ‘साले मारिनो दी त्रापानी’ या नावाला युरोपीय भौगोलिक मानांकन आहे, पुडीवर तो शिक्का बघावा. साध्या पुड्यांत बहुधा आयोडीन नसतं, म्हणून घरातलं रोजचं मीठ बंद करून हेच वापरायला लागू नये. त्यात थोडं मॅग्नेशियम मुळातच उरलेलं असतं, तेच हवेतला ओलावा ओढतं. मुंबईत जुलै उजाडला की बरणीच्या तळाशी पाणी सुटतं. तांदळाचे दाणे टाकून फार फरक पडत नाही. वापरण्यापुरतं मीठ कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतावं, गार झाल्यावर छोट्या काचेच्या बाटलीत भरावं आणि बाकीची पुडी फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून लांब ठेवावी.